घरच्या केळीचा भाव आणि पत्रकारितेची पदवी: एका प्रकल्पाचे प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातली एक मुलगी पुण्यातल्या खासगी विद्यापीठात संज्ञापन आणि पत्रकारितेची पदवी घेत होती. शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी तिने केळीच्या भावाचा विषय घेतला. बाजार समिती जो भाव जाहीर करते आणि शेतकऱ्याच्या हातात जो पडतो, त्यांत अंतर का राहते, हे तिला शोधायचे होते. अडचण अशी की तिच्या वडिलांचीही केळीच आहे. ज्या व्यापाऱ्याकडे ती केळी जाते तो या विषयातला एक पक्ष, आणि मुलीच्या फीचा हप्ता त्याच केळीच्या पैशातून भरला जातो. हितसंबंध आड येतात, विषय बदल, असे विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी सांगितले. इंटर्नशिप ती आमच्याकडे, जिल्ह्यातल्या एका दैनिकात, करत होती आणि तिच्या कामावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मी म्हटले, विषय सोडू नकोस.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की खान्देशातून अनेक मुले-मुली आता अशा अभ्यासक्रमांना जातात, आणि ती परत आपल्या भागावर लिहायला लागली की त्यांच्यापुढे हाच पेच उभा राहतो. कापूस, केळी, जिनिंग, सहकारी संस्था, पाणीपुरवठ्याची योजना, काहीही घ्या, कुठे तरी घरातला नाही तर भावकीतला माणूस निघतोच. विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, विद्यापीठ आणि दैनिक यांची नावे दिलेली नाहीत.

फी कुठून आली

बारावीनंतर तिच्यापुढे दोन वाटा होत्या. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पण तिथले शिक्षण पदव्युत्तर. म्हणजे आधी कुठल्या तरी शाखेची पदवी, मग पत्रकारिता. तिला थेट पत्रकारितेलाच जायचे होते. पुण्यातल्या विद्यापीठाने स्टुडिओ, रेडिओ कक्ष आणि संपादनाचे संगणक दाखवले, घरच्यांना ते पटले. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले आहे का आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, हे तिने स्वतः तपासले होते. बारावीच्या मुलीने एवढे करणे मला कौतुकाचे वाटते, कारण पुष्कळ पालक माहितीपत्रकावरच्या इमारती पाहून पैसे भरतात.

फी वर्षाला लाखाच्या पुढे होती. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की पुरते, आणि परतफेड अभ्यासक्रम संपून वर्ष झाल्यावर सुरू होते. तेवढे कर्ज काढले. वसतिगृह, मेस, लॅपटॉप आणि उरलेली फी केळीतून.

जुलै २०२४ मध्ये, ती तिसऱ्या वर्षाला जात असताना, मुलींच्या उच्च शिक्षणाची फी माफ झाल्याची बातमी आली. वडील आनंदाने कागदपत्रे जमवायला लागले. शासन निर्णय मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना गेलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी होता, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली होती. मथळ्यांत ‘मुलींना मोफत शिक्षण’ एवढेच होते. या प्रकरणाशी त्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. जाहीर झालेली गोष्ट आणि हातात पडलेली गोष्ट यांतले अंतर या घराने केळीच्या भावात अनेकदा पाहिले होते, आता ते बातमीतही पाहिले. तिने मला नंतर सांगितले की विषय तिथेच ठरला.

अभ्यासक्रमाने काय दिले

खासगी विद्यापीठांबद्दल आमच्या न्यूजरूममध्ये एक ठरलेले मत असते: मुले कॅमेऱ्यासमोर छान उभी राहतात, पण तहसील कार्यालयात कोणाला काय विचारायचे ते त्यांना कळत नाही. या मुलीच्या बाबतीत ते अर्धेच खरे होते. सात-बारा तिला घरूनच वाचता येत होता. विद्यापीठाने तिला जे दिले ते आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या बातमीदारांकडे नाही, हे मी पाहिले आहे.

माध्यम कायद्याचा पेपर तिने नीट केला होता. राज्यघटनेतले अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम १९(१)(अ) सगळेच सांगतात, तिला १९(२) मधली बंधनेही माहीत होती. अब्रूनुकसानी कशात होते आणि ‘आरोप आहे’ एवढे दोन शब्द जोडल्याने ती कशी टळत नाही, हे तिला सांगावे लागले नाही. स्प्रेडशीट ती सफाईने वापरत होती आणि जी माहिती मिळालेली नाही तो रकाना रिकामा ठेवायची सवय तिला लागली होती. ही सवय पुढे फार उपयोगाला आली.

सिद्धान्तही तिने पाठांतरापुरते ठेवले नव्हते. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये एका अमेरिकी दैनिकातला वृत्तसंपादक तारेने आलेल्या कोणत्या बातम्या घेतो, कोणत्या टाकून देतो आणि का, याचा अभ्यास केला होता. द्वारपालाचा सिद्धान्त म्हणून तो सगळ्या अभ्यासक्रमांत असतो. तिने तो गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांना लावला. केळीचा भाव आता संध्याकाळी मोबाइलवर येतो. रावेरचा वेगळा, सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरच्या लिलावाचा वेगळा. कोणत्या गटात कोणता भाव पुढे ढकलला जातो, नवतीचा (नव्या लागवडीच्या पहिल्या पिकाचा) टाकतात की पिलबागचा (कापणीनंतर फुटलेल्या पिलांच्या पिकाचा), आणि तो टाकणारा माणूस शेतकरी आहे, दलाल आहे की व्यापाऱ्याकडचा मुकादम, याची ती नोंद ठेवू लागली. एकाच संध्याकाळी दोन गटांत दोन भाव फिरत होते आणि दोन्हीवर ‘आजचा भाव’ असेच लिहिलेले होते. पुण्याच्या वर्गात शिकलेली गोष्ट इतक्या नेमकेपणाने गावात वापरलेली मी क्वचितच पाहिली आहे.

उणीव होती ती दुसरीकडे. प्रकल्प म्हणजे दहा मिनिटांचा माहितीपट, अशी चौकट ठरलेली. गुण छायाचित्रण, ध्वनी, संकलन आणि मांडणीला. कागदपत्रे मिळवण्याला, पडताळणीला, दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेण्याला वेगळा गुण नव्हता. विद्यापीठाचा कॅमेरा परिसराबाहेर न्यायला परवानगी नसल्याने तिने सगळे मोबाइलवर चित्रित केले.

पावत्या

केळीचा व्यवहार बहुतेक वेळा बागेतच होतो. व्यापाऱ्याचा माणूस येऊन बाग पाहतो, भाव बोलला जातो, कापणीवाले येतात, घड गाडीत भरले जातात, गाडी काट्यावर जाते. शेतकऱ्याकडे पुरावा म्हणून उरते ती काट्याची पावती.

अशी एक पावती मी तिच्यासोबत बराच वेळ पाहत बसलो होतो. पातळ कागदाची छापील चिठ्ठी: गाडीचा नंबर, तारीख, वेळ, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन. पाठीमागे निळ्या बॉलपेनने एक आकडा, त्याखाली वजावट, त्याखाली बेरीज. आकड्यापुढे ‘भाव’ असेही लिहिलेले नाही. व्यापाऱ्याचे नाव नाही, पेढीचा शिक्का नाही, सही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मालाची प्रत, म्हणजे दर्जा, कुठेही लिहिलेली नाही.

तिने गावोगाव फिरून अशा पावत्या जमवल्या. रावेरच्या पट्ट्यात पुण्याहून आलेल्या बातमीदाराला कोणी पावती दाखवत नाही. तिला दाखवली, कारण ‘कोनाची पोर तू?’ या पहिल्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होते. प्रत्येक पावतीसमोर तिने त्या दिवशीचा जाहीर भाव लिहिला. जवळपास सगळीकडे हातात पडलेला भाव खाली होता. या टप्प्यावर बातमी तयार आहे असे तिला वाटले: व्यापारी जाहीर भाव देत नाहीत.

मी तिला व्यापाऱ्यांकडे पाठवले. एकाने दारातूनच परत पाठवले. दुसऱ्याने बसवून चहा दिला आणि शांतपणे सांगितले: जाहीर भाव चांगल्या मालाचा असतो. सगळी बाग सारखी निघत नाही. फणी बारीक असते, घडावर डाग असतो, दांड्याचे वजन धरता येत नाही, आणि माल दिल्लीला पोचेपर्यंत जे खराब होते ते त्याच्याच अंगावर येते. यातले खरे किती, हा प्रश्न वेगळा. पण हे म्हणणे खोडायला तिच्याकडे काहीच नव्हते, कारण पावतीवर प्रत नव्हती. आणि व्यापाऱ्यालाही ते सिद्ध करता येत नव्हते, त्याच कारणाने.

इथे बातमी बदलली, आणि माझ्या मते चांगली झाली. लूट झाली की रास्त वजावट, हे कोणालाच ठरवता येऊ नये अशा कागदावर या भागातला एवढा मोठा व्यवहार चालतो, ही ती बातमी. तिच्या तक्त्यात ‘प्रत’ हा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा होता. तो रिकामा रकानाच तिचा मुख्य निष्कर्ष ठरला.

मग तिने कायदा पाहिला. बाजार समितीच्या आवाराबाहेर होणाऱ्या फळे-भाजीपाल्याच्या व्यवहारावरचे समितीचे नियमन राज्य सरकारने जुलै २०१६ मध्ये काढून टाकले. शेतकऱ्याला कुठेही विकता यावे, अडत द्यावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. तेव्हा बागेत ठरलेल्या केळीच्या सौद्याला समितीच्या जाहीर भावाचा आधार किती, त्या भावाला दात आहेत का, हा प्रश्न आला. गावात ज्यांना ज्यांना तिने विचारले त्या सगळ्यांना जाहीर भाव बंधनकारक आहे असेच वाटत होते.

वडिलांची पावती

जमवलेल्या पावत्यांत एक घरची होती. खरे तर सगळ्यात पूर्ण तीच होती, कारण वडिलांनी मागे स्वतःच्या हाताने व्यापाऱ्याचे नाव आणि बोललेला भाव लिहून ठेवला होता. तिला ती माहितीपटात दाखवायची होती. वडील म्हणाले, “माझी नको टाकू बेटा. पुढच्या कापणीला तोच येणार आहे.” पिकायला आलेला घड वाट पाहत नाही, हे तिला वेगळे सांगायची गरज नव्हती.

विद्यापीठाला आढावा पाठवताना तिने हे प्रामाणिकपणे कळवले. उत्तर आले की विषयात तिचे थेट हितसंबंध आहेत, तेव्हा विषय बदलणे इष्ट. मार्गदर्शक चुकीचे बोलत नव्हते. शेअर बाजाराच्या बातमीदाराने स्वतःकडे असलेल्या शेअरवर लिहू नये, हे नीतिशास्त्राच्या तासाला शिकवतात ते योग्यच आहे. पण तो नियम जसाच्या तसा रावेरला आणला तर केळीवर लिहायला कोणी उरत नाही. लिहू शकणारा प्रत्येक जण एक तर केळीवाल्याच्या घरातला, नाही तर व्यापाऱ्याच्या ओळखीतला. आणि बाहेरून येणारा बातमीदार बागेत घडांसमोर उभा राहून दोन मिनिटांचा तुकडा करून परत जातो.

या भागात पत्रकारितेची जी परंपरा आहे तीही दूर उभी राहणारी नाही. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले ते शेतकरी-कामगारांच्या बाजूने उभे राहूनच, आणि आपली बाजू त्यांनी लपवली नाही. मला गुरुजींसारखी चळवळीची पत्रकारिता विद्यार्थ्यांकडून नको आहे. पण जवळीक उघड सांगून काम करता येते, हे इथे नवीन नाही एवढे नक्की.

आम्ही शेवटी असे ठरवले. वडिलांची पावती पुराव्यातून पूर्ण काढायची, तक्त्यातली ओळसुद्धा. तिच्या घरची केळी ज्या व्यापाऱ्याकडे जाते त्याची प्रतिक्रिया तिने घ्यायची नाही, आमचा दुसरा बातमीदार घेईल. बातमीच्या शेवटी आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहायचे की लेखिका केळी उत्पादक कुटुंबातली आहे आणि तिच्या शिक्षणाचा खर्च केळीच्या उत्पन्नातून होतो. तिने मार्गदर्शकांना हे लेखी कळवले. त्यांनी विचार करून परवानगी दिली, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ‘विषय बदल’ म्हणून मोकळे होणे त्यांना सोपे होते.

एक गोष्ट आमच्या दोघांच्याही उशिरा लक्षात आली असती, पण ती तिच्या आईने दाखवून दिली. डेस्कला पावत्यांचे फोटो हवे होते, नावे पुसून. आई म्हणाली, नाव पुसून काय होणार, वजन आणि तारीख पाहून व्यापारी ओळखेल की कोणाची गाडी आहे. अगदी बरोबर. काट्याच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव आधीच नसते, ओळख असते ती आकड्यांतच. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) मध्ये पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती करता येत नाही असे आहे, पण ते संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरते. स्रोत मुळात ओळखू येणार नाही अशी काळजी बातमीदारानेच घ्यायची असते. फोटो गेले नाहीत. कोरी पावती काढून तिचे रकाने दाखवणारे रेखाटन छापले.

छापून आल्यावर

बातमी जिल्हा पानावर आली. खालचा खुलासा काढून टाकावा, ‘बातमीत घरचं कशाला’, असे डेस्कवर एकाचे म्हणणे होते. मी तो ठेवायला लावला. दोन व्यापाऱ्यांचे फोन आले, दोघांचीही तक्रार मजकुराबद्दल होती, तिच्या घराबद्दल कोणी बोलले नाही. बोलायला जागाच नव्हती, सगळे आधीच लिहिलेले होते.

त्याच आठवड्यात वडिलांच्या बागेची कापणी होती. व्यापाऱ्याचा माणूस ठरल्या दिवशी आला. कापणी झाली. भाव त्या दिवशीच्या जाहीर भावाच्या खालीच लागला, पाठीमागे बॉलपेनने आकडा लिहिला गेला. वडिलांनी या वेळी प्रत लिहून मागितली. “तशी पद्धत नाही भाऊ,” असे उत्तर मिळाले.

विद्यापीठात तिला मध्यम गुण पडले. मोबाइलवरच्या चित्रणात वाऱ्याचा आवाज होता, दोन ठिकाणी चेहरे अंधारात होते, ते गुण जाणारच होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पावत्यांच्या तक्त्यावर तिला पुष्कळ प्रश्न विचारले आणि तोंडी कौतुकही केले, पण गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता. याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या कौशल्यासाठी आम्ही तिला उद्या नोकरी देऊ ते मोजायची सोय तिच्या पदवीत नाही. खासगी विद्यापीठांना अभ्यासक्रम बदलायला सरकारी विद्यापीठांइतका वेळ लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा आहे. तो त्यांनी इथे वापरावा: पडताळणीला गुण द्यावेत, हितसंबंधांचा खुलासा प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सक्तीचा करावा, आणि मुलांना शेवटच्या सत्राच्या आधीच माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावावा.

हा शेवटचा मुद्दा तिच्या अनुभवातून आला. जाहीर भावापेक्षा कमी भाव दिल्याच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांवर काय कारवाई झाली, हे तिने जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे माहिती अधिकारात विचारले होते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, सगळे नियमाप्रमाणे. अर्ज कलम ६(३) खाली बाजार समितीकडे वर्ग झाला. कायद्यात मुदत ३० दिवसांची, तिची इंटर्नशिप सहा आठवड्यांची, आणि अर्ज तिने दुसरा आठवडा संपताना केला होता. वर्ग होण्यात दिवस गेले आणि उत्तर आले ते प्रकल्प जमा झाल्यानंतर.

उत्तरात तक्रारींचा तपशील नाही. ‘लेखी तक्रार प्राप्त नाही’ एवढेच आहे. ज्यांनी समितीकडे लेखी तक्रार दिल्याचे तिला सांगितले होते अशा दोन शेतकऱ्यांकडे पोच आहे, तिच्या छायाप्रती तिने त्यांच्या परवानगीने घेतल्या. प्रकल्प संपला, गुण मिळाले, तरी तिने २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.